गाडी जिथून सुटते

लग्न ठरलं तेव्हा माझी नोकरी फोर्टात होती, नवऱ्याची ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, आणि घर दोघांचंही नव्हतं. मी दादरला चौघींच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहात होते, तो मुलुंडला मित्रांबरोबर. साताऱ्याहून वडील फोनवर विचारायचे, "घर कुठं बघताय?" मी स्टेशनांची नावं सांगायचे. त्यांना पाणी किती वेळ येतं, बाजार किती लांब, शेजारपाजार कसा, हे जाणून घ्यायचं असायचं. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण मुंबईला रेल्वेने नोकरीला जाणाऱ्या माणसाला या सगळ्याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. सकाळी आठ-सव्वाआठला त्या स्टेशनात गाडीत चढता येतं का?

मध्य रेल्वेची मुख्य लाइन सीएसएमटीहून निघून ठाण्याला जाते. हे अंतर साधारण ३४ किलोमीटर. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी याच टप्प्यावर धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. कल्याणला लाइन फुटते. एक फाटा टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याला जातो, दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला. घरांचे दर रुळांबरोबर उतरत जातात. ठाणे स्टेशनजवळ ज्या पैशात खोलीही मिळत नाही, त्या पैशात अंबरनाथला वन बीएचके मिळतो आणि वांगणीला थोडे शिल्लकही राहतात. आमचं बजेट पस्तीस लाखांच्या आतलं होतं, तेही दोघांच्या पगारावर कर्ज काढून.

पनवेलचा विचार झाला. तिथून गाडी सुटते, बसायला मिळतं. पण हार्बर लाइनला जलद गाडी नाही, सगळी स्टेशनं घेत सीएसएमटी गाठायला सव्वा तासाच्या वर लागतो, आणि स्टेशनजवळची घरं नव्या विमानतळाच्या नावाने आमच्या हाताबाहेर गेलेली. वसई-विरार नवऱ्याच्या ठाण्याला सोयीचं नव्हतं. म्हणजे मध्य रेल्वेच, आणि तीही ठाण्यापासून पुढे.

लांब राहिलं तर जाण्यायेण्याचा खर्च वाढेल, अशी वडिलांना काळजी होती. लोकलच्या बाबतीत ती करायचं कारण नाही. सीएसएमटी ते कल्याण सेकंड क्लासचा महिन्याचा पास आजही पाचशे रुपयांच्या आत आहे. त्याच्या पुढची स्टेशनं घेतली तर फार तर शंभर-दीडशे रुपयांचा फरक पडतो. खर्च होतो तो स्टेशन ते घर या टप्प्यात, रिक्षावर. रोज दोन वेळा शेअर रिक्षा धरली तर तिचा महिन्याचा हिशोब रेल्वेच्या पासाच्या तिप्पट-चौपट होतो. पावसात रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याचा वेळ वेगळाच. बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलेलं असतं, ती पाच मिनिटं गाडीने, रस्ता मोकळा असताना. आम्ही पहिल्यापासून एक नियम केला. जे घर बघायचं, त्याच्या दारातून प्लॅटफॉर्मपर्यंत स्वतः चालत जायचं, पूल चढून उतरून.

या नियमात ठाणं लगेच मागे पडलं. परवडणारं ठाणं घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला. पत्ता ठाण्याचा, पण स्टेशन नऊ-दहा किलोमीटरवर. संध्याकाळी स्टेशनबाहेर बसच्या रांगेत उभं राहून पाहिलं. तिथून घरी पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात जलद लोकल सीएसएमटीहून ठाण्याला येते. मेट्रोचे खांब तेव्हा उभे राहात होते आणि प्रत्येक एजंट मेट्रो आलीच असं धरून भाव सांगत होता. आज जे धावतंय त्याच्यावर घर घ्यावं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

दिव्याला बजेटच्या निम्म्यात घर मिळत होतं. इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नव्हती, बँकेने कर्जाला सरळ नकार दिला. ज्या मजल्यावर घर होतं तिथल्या बाईंनी दाराआड लावून ठेवलेले पाण्याचे ड्रम दाखवले. वर सकाळची गर्दी. दिवा हे मधलं स्टेशन, तिथे येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मागूनच गच्च भरून येते. तिथलं रेल्वे फाटक उघडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या खोळंबतात, हे दिव्यात न राहणाऱ्यांनाही माहीत असतं. तरी हजारो कुटुंबं तिथे राहतात, कारण मुंबईला नोकरी करून घर होईल असं दुसरं ठिकाण त्यांना उरलेलं नाही. त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो.

डोंबिवलीत मात्र जीव गुंतला. नवऱ्याची आत्या तिथे चाळीस वर्षांपासून आहे, फडके रोडच्या मागच्या गल्लीत. गणेश मंदिर, भाजी, पुस्तकांची लायब्ररी, डॉक्टर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आज महाराष्ट्रभर निघतात, त्यांची सुरुवात या गावाची. संध्याकाळी रस्त्यावरून जाताना कानावर मराठी पडतं आणि ओळखीचं वाटतं. आत्या म्हणाली, "अगं, राहायला यासारखं गाव नाही. सकाळी गाडीपर्यंत पोचेपर्यंत आणि गाडीतून उतरेपर्यंत, तेवढंच काय ते." ती स्वतः व्हीटीला नोकरी करून निवृत्त झालेली, सीएसएमटी तिच्या तोंडी अजून व्हीटीच.

त्या 'तेवढंच'चा अंदाज घ्यायला मी रजा काढून एका सोमवारी तिच्याकडे मुक्कामाला गेले आणि सकाळी आठला जलद गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहिले. चढायचं म्हणून नाही, बघायचं म्हणून. लेडीज डबा जिथे थांबतो तिथे आधीच चार-पाच ओळी होत्या. बदलापूरची गाडी आली. दारातल्या बायका 'जागा नाही' असं काही म्हणत नव्हत्या. त्या नुसत्या हलत नव्हत्या, कारण हलायला मागे जागा नव्हती. खालच्या पहिल्या दोघींनी दाराच्या मधला खांब धरला आणि बाकीच्यांनी त्यांना मागून आत ढकललं. हे ढकलणं रागाचं नव्हतं. ते सवयीचं काम होतं, आणि ज्यांना ढकललं त्यांना ते हवं होतं. गाडी हलली तेव्हा एकीची ओढणी बाहेर होती, ती आतल्या कुणीतरी ओढून घेतली. खाली राहिलेल्यांपैकी एक बाई सहा-सात महिन्यांची गरोदर असावी. तिने ती गाडी सोडली, पुढचीही सोडली आणि घड्याळ बघत राहिली. मी निघेपर्यंत ती तिथेच होती.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत, पण मागणीच्या मानाने थोड्या. मग लोक उलटे जातात. मुंबईहून येणारी जी गाडी कल्याण-अंबरनाथला जाऊन परत फिरणार असते, तीत डोंबिवलीला बसायचं, पुढे जायचं आणि त्याच जागेवर बसून परत यायचं. त्यासाठी घरातून अर्धा-पाऊण तास आधी निघावं लागतं आणि पासही पुढच्या स्टेशनापर्यंतचा काढावा लागतो. म्हणजे घराची किंमत डोंबिवलीची द्यायची आणि वेळ अंबरनाथचा. आत्याचं घर सोडून निघताना वाईट वाटलं, पण माझं ठरलं होतं.

यानंतर आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी मला वाट दाखवली. त्या अंबरनाथहून यायच्या. माझे कागद, नकाशे, एजंटांची कार्डं बघून म्हणाल्या, "घराचं एजंटला काय विचारतेस? डब्यात विचार. चल आज माझ्याबरोबर." संध्याकाळी त्या मला सीएसएमटीहून अंबरनाथ फास्टला घेऊन गेल्या. लेडीज डब्यात ठाणं येईपर्यंत मला जे कळलं ते आधीच्या दोन-तीन महिन्यांत कळलं नव्हतं. कुठल्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड येतं, कुठला रस्ता रात्री नऊनंतर सुनसान असतो, कुठल्या पुलाचं काम रखडलंय, बदलापूरला पूर्वेला घेतलं तर स्टेशनचा पूल कसा पार करावा लागतो. प्रत्येकीने आपापल्या स्टेशनची बाजू घेतली, पण कुणी खोटं सांगितलं नाही. सांगून त्यांना काही मिळणार नव्हतं.

त्या दिवशीच माझ्या लक्षात एक गोष्ट पक्की बसली. कल्याणच्या पुढे अंतर वाढतं, पण जिथून गाडी सुटते तिथे राहणारी बाई बसून जाते. डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद गाडीने तासभर लागतो, तो उभ्याने, एका पायावर, दुसऱ्या कुणाच्या बॅगेखाली. अंबरनाथहून साधारण सव्वा तास किंवा थोडा जास्त, पण बसून, खिडकी मिळाली तर वाचत, नाहीतर झोपत. वेळापत्रकात पहिला प्रवास लहान आहे. ऑफिसात पोचल्यावर अंगात काय उरतं ते पाहिलं, तर मला दुसराच लहान वाटला.

माझं ऑफिस फोर्टात असल्यामुळे हे गणित संध्याकाळीही जमत होतं, कारण परतीची गाडीही सीएसएमटीला रिकामी मिळते. हीच नोकरी दादरला किंवा कुर्ल्याला असती, तर मी कदाचित वेगळं घर बघितलं असतं. दादरला संध्याकाळी अंबरनाथ फास्टमध्ये चढणाऱ्यांचे हाल मी रोज पाहते. म्हणून 'कुठे राहावं' हे कुणी मला विचारलं की मी आधी नोकरीचं स्टेशन विचारते. नवऱ्याचं तर आणखी वेगळं. त्याला मध्येच, ठाण्याला उतरायचं असतं, संध्याकाळी ठाण्यालाच चढायचं असतं, आणि ठाण्याला संध्याकाळी लांब पल्ल्याच्या लोकलमध्ये चढणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. पण त्याची पहिली पाळी सकाळी सातची. तो पहाटे निघतो आणि दुपारी साडेतीनला सुटतो. गर्दीच्या दोन्ही वेळा त्याला चुकतात. जनरल शिफ्ट असती, तर या घराला त्याने हो म्हटलं नसतं, आणि मीही आग्रह धरला नसता.

कल्याण हातचं का सोडलं, असं बरेच जण विचारतात. कल्याणहून गाड्या भरपूर सुटतात, दोन्ही फाट्यांच्या गाड्या मिळतात. पण आमच्या पैशात स्टेशनला चालत जाण्याजोगं होतं ते जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत, ज्यांना बँक कर्ज देताना का-कू करते. नवी घरं खडकपाडा, गांधारीच्या बाजूला, म्हणजे पुन्हा रिक्षा.

मग बदलापूर. गाव छान आहे, हवा मोकळी, उन्हाळ्यातही रात्री खिडकी उघडी ठेवून झोपावं अशी. दर अंबरनाथपेक्षा उतरलेले. नदीच्या बाजूला पश्चिमेला एक नवी इमारत फार आवडली, गच्चीवरून डोंगर दिसत होते. त्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या. त्या चिपळूणच्या. दिवा पॅसेंजरने आदल्या दिवशी आल्या होत्या. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांच्या माळ्यावर रात्र काढली होती. एजंट लिफ्ट, पार्किंग दाखवत होता, आणि त्या बाजूच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात शिरल्या. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "इकडे ये, हे बघ." विजेचे मीटर जिथे तळमजल्यावर असतात तिथली भिंत मोकळी होती, फक्त जुन्या बोर्डाच्या खिळ्यांची भोकं. मीटर सगळे पहिल्या मजल्यावर नेऊन बसवलेले. भिंतीला माझ्या खांद्याच्या वर एक तपकिरी रेघ होती, रंगाचा हात देऊनही वर आलेली. "इथं पाणी येतं," त्या एवढंच म्हणाल्या. एजंट म्हणाला, ते फार जुनं आहे. खाली किराणावाल्याला विचारलं तर त्याने २००५, २०१९ आणि २०२१ अशी तीन सालं सांगितली. २०१९ साली तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. ती बातमी मी वाचलेली होती. तीच उल्हास नदी या इमारतीच्या मागून वाहते, हे मला त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर समजलं.

बदलापुरात पाणी न येणारे भाग पुष्कळ आहेत आणि तिथे माझ्या डब्यातल्या कितीतरी जणी सुखाने राहतात. पण तोपर्यंत अंबरनाथ पूर्वेला ताईंच्या गल्लीत एक भाड्याची जागा रिकामी झाली होती. लग्नानंतर आम्ही तीच घेतली, जूनच्या आधी, मुद्दाम. घर विकत घ्यायच्या आधी त्या गावात एक पावसाळा काढायचा, हा सासूबाईंचा हट्ट. मला तो आजवर मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला वाटतो. पावसात कळतं की कुठला रस्ता तुंबतो, किती वेळ वीज जाते, स्टेशनच्या पुलावर छत कुठे संपतं, गाड्या बंद पडल्यावर माणसं कुठून कशी घरी येतात. वालधुनी नदी अंबरनाथमधूनच जाते, पावसाळ्यात तीही फुगते, तिच्या काठचं घर बघायचं नाही हेही त्याच पावसाळ्यात ठरलं. अंबरनाथचं शिवमंदिर याच नदीकाठी, अकराव्या शतकातलं. सासूबाई आमच्याकडे असल्या की सोमवारी तिथे जायच्या आणि येताना नदीचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे ते सांगायच्या.

घर शोधताना सगळ्यात जास्त माहितीपत्रकं चिखलोलीच्या नावाने आली. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली नावाचं नवं स्टेशन होऊ घातलंय, त्याच्या आसपासच्या जमिनीवर इमारती आधीच उभ्या राहिल्यात. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिकाही व्हायची आहे. दोन्ही व्हायलाच हवीत, मी तर वाटच बघतेय. पण हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि स्टेशन कधी सुरू होईल त्याचा महिना कुणी लिहून देत नाही. आम्ही ओसी झालेली, लोक राहात असलेली, सात वर्षांची इमारत घेतली. स्टेशनला चालत बारा-पंधरा मिनिटं. कागदपत्रं वकिलाकडून तपासली. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. एवढ्या पैशात आमचा स्वयंपाकाचा ओटा झाला. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते.

आता रोजचं. अंबरनाथहून गाडी सुटते म्हणून ती रिकामी मिळते, असं नाही. मुंबईहून येणाऱ्या गाडीत विठ्ठलवाडी, उल्हासनगरच्या बायका उलट्या बसून आलेल्या असतात. गाडी प्लॅटफॉर्मला लागते तेव्हा निम्म्या जागा भरलेल्या असतात आणि उरलेल्या निम्म्यांसाठी धावती गाडी पकडणाऱ्या असतात. मी धावत्या गाडीत चढत नाही. दहा मिनिटं आधी जाते, पुढची गाडी घेते, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या सीटवर बसते. आमच्या डब्यातल्या ग्रुपचा एक नियम आहे, तो कुणी कधी लिहून ठेवलेला नाही. ठाणं गेलं की बसलेल्यांनी उठायचं आणि डोंबिवलीपासून उभ्या असलेल्यांना बसायला द्यायचं. एक बाई आहेत, फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्या, गुडघ्यांचं दुखणं, त्यांना उठायला कुणी सांगत नाही. बाकी सगळ्या उठतात. कळवा खाडी ओलांडली की पर्सच्या चेन लागतात, डब्यांच्या पिशव्या खांद्याला जातात, आणि एकमेकींकडे न बघता जागांची अदलाबदल होते. डोंबिवलीच्या सकाळच्या प्लॅटफॉर्मवर मी जे पाहिलं होतं, त्याचं थोडंसं ओझं आम्ही रोज ठाण्यानंतर वाटून घेतो. जागा मिळालेल्या बायकांना जागा न मिळालेल्यांची आठवण राहते, याचा मला फार अभिमान वाटतो.

याची किंमत आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दारापासून टेबलापर्यंत मला दोन तास लागतात, तेवढेच परत. कल्याणच्या पुढे दोनच रूळ आहेत, त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, त्यांवरूनच मालगाड्या. एका मालगाडीचं इंजिन बंद पडलं की सगळं थांबतं. अशा दिवशी गाडी कल्याणलाच संपते. मग शेकडो माणसं एकदम पुलावरून खाली येतात, रिक्षावाले सीटमागे दुप्पट मागतात, आणि उल्हासनगरच्या रस्त्यांवरून दाटीवाटीने बसून घरी पोचायला कधी कधी मुंबई ते कल्याणपेक्षा जास्त वेळ लागतो. रविवारी मेगाब्लॉक. माहेरी, सासरी, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे जाण्याआधी ब्लॉकचं वेळापत्रक बघायचं. ऑफिसात संध्याकाळी सहानंतरच्या बैठकीला मी नाही म्हणते, आणि त्यामुळे काही कामं माझ्याकडे येत नाहीत. हेही घराच्या किमतीतच धरायला हवं.

२०२५च्या जूनमध्ये, ९ तारखेला सकाळी, दिवा-मुंब्र्याच्या मध्ये वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि काहींचा जीव गेला. मी तेव्हा ऑफिसात पोचले होते. फोनवर फोन सुरू झाले, ग्रुपमध्ये प्रत्येकीने 'पोचले' एवढा एकच शब्द टाकला, आणि जिचा आला नाही तिला सगळ्यांनी मिळून फोन लावले. संध्याकाळी डब्यात कुणी गाणी लावली नाहीत. त्यानंतर पुष्कळ चर्चा झाली, दारं आपोआप बंद होणाऱ्या लोकल आणायचं जाहीर झालं. काही लोक म्हणाले, दारात उभं राहायचंच कशाला? ज्यांनी मधल्या स्टेशनवर सकाळी उभं राहून पाहिलंय, ते असं म्हणणार नाहीत. दारातल्या माणसाला आत जायचंच असतं. त्याला घर जिथे परवडलं, तिथे गाडी भरून येते, एवढाच त्याचा गुन्हा. गाड्या वाढायला हव्यात, मार्गिका वाढायला हव्यात, मधल्या स्टेशनांतून सुटणाऱ्या गाड्या वाढायला हव्यात, आणि नोकऱ्याही सगळ्या एकाच टोकाला असायला नकोत. हे होईपर्यंत घर निवडणारा माणूस स्वतःपुरतं बघणार. मीही तेच केलं.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक मुलगी लागली, नांदेडची. कसाऱ्याच्या फाट्यावर वासिंदला तिला घर स्वस्त मिळतंय, आणि टिटवाळ्याला थोडं महाग. वासिंदचं घर मोठं आहे, खिडकीतून शेतं दिसतात, तिने मला फोटो दाखवले. टिटवाळ्याहून गाड्या सुटतात. वासिंदला येणाऱ्या गाड्या मोजक्या, एक चुकली की दुसरीची बराच वेळ वाट बघावी लागते. पण सकाळी बसायला जागा मिळत असेल तर ते घर वाईट नाही, आणि ते मला ऑफिसात बसून सांगता येणार नाही. तिला मी सांगितलंय की रविवारी घर बघू नकोस. सोमवारी सकाळी सातला वासिंदच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहा, लेडीज डब्यात चढ, आणि शेजारच्या बाईला विचार. मंगळवारी टिटवाळ्याला तेच कर. संध्याकाळी मला येऊन सांग, मग आपण दर बघू.